‘असू द्या, कामी पडते’

अमरावती-अकोल्यातून परदेशातल्या डोंगरवाटांवर जाणारी माणसं आता नवलाची राहिलेली नाहीत. एव्हरेस्ट बेस कॅम्प, अन्नपूर्णा, किलिमांजारो ही नावं राजापेठेत आणि रतनलाल प्लॉटमध्येही सहज ऐकू येतात. निवृत्त शिक्षक जातात, डॉक्टर जातात, बँकेतली माणसं जातात, नुकती नोकरीला लागलेली पोरंही जातात. हे चांगलंच आहे. पण या प्रवासांच्या तयारीत एक समजूत इतकी घट्ट बसली आहे की तिला कोणी प्रश्नच विचारत नाही. भरलेल्या बॅगेतून एखादी वस्तू बाहेर काढायला हात गेला की घरातून आवाज येतो, ‘असू द्या ना, कामी पडते.’ आणि ती वस्तू परत आत जाते. त्या समजुतीचं सगळं म्हणणं एकत्र मांडलं तर ते असं होतं: आपण उन्हाच्या मुलखातली माणसं, आपल्याला डोंगराची सवय नाही, थंडीची तर त्याहून नाही, म्हणून आपल्याला इतरांपेक्षा जास्त सामान लागतं. परक्या देशात काय मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून खाण्यापासून पांघरुणापर्यंत सगळं घरून न्यावं. ओझं उचलायला पोर्टर असतो, त्याला आपण पैसे मोजतो, तेव्हा वजनाची चिंता आपण कशाला करायची? आणि कमी सामानात फिरणं ही महागड्या वस्तू परवडणाऱ्यांची चैन आहे. ही चारही विधानं चुकीची आहेत, आणि त्यांच्यामुळे जाणाऱ्याला त्रास होतो, दुसऱ्याला इजा होते.

थंडीपासून सुरुवात करू, कारण भीतीचं मूळ तिथे आहे. अकोला समुद्रसपाटीपासून जेमतेम २८० मीटरवर, अमरावती ३४०च्या आसपास. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. थंड हवेचं ठिकाण म्हणून आपण ज्याकडे धाव घेतो ते चिखलदरा १,११८ मीटरवर आहे. एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाणारा माणूस नेपाळमध्ये लुक्लाच्या धावपट्टीवर उतरतो तेव्हाच तो २,८०० मीटरच्या वर असतो, नामचे बाजार ३,४४० मीटरवर आणि शेवटचा मुक्काम गोरक्षेप ५,१६४ मीटरवर. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होत जाते, हे शाळेतलं गणित आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री तिथे पारा उणे दहाच्या खालीही जातो. तेव्हा वऱ्हाडातल्या माणसाला धास्ती वाटली तर त्यात वावगं काही नाही. वावगं आहे ते त्या धास्तीवर शोधलेलं उत्तर. घरातले सगळे स्वेटर, दोन शाली, एक सोलापुरी चादर, मफलर, कानटोप्या आणि चार-चार जोड भरल्याने कोणती थंडी अडते? एका वेळी अंगावर चढतील तेवढेच कपडे ऊब देतात. उरलेले पिशवीत पडून असतात आणि पिशवीतल्या स्वेटरने आजवर कोणालाही ऊब दिलेली नाही.

शिवाय डोंगरातली थंडी बसल्या जागची थंडी नसते. चढावर चालताना शरीर स्वतःच तापतं. चार हजार मीटरवरही सकाळच्या उन्हात चढणारा माणूस घामाघूम होतो. मग तो थांबतो, ऊन डोंगराआड जातं, वारा सुटतो, आणि ओला झालेला कपडा अंगातली ऊब ओढून घ्यायला लागतो. खरा धोका त्या क्षणी असतो. त्यावरचा उपाय थरांचा आहे: अंगालगत घाम सोडून देणारा आणि लवकर वाळणारा एक पातळ थर, त्यावर ऊब धरणारा लोकरीचा किंवा फ्लीसचा एक, मुक्कामाला घालायला पिसांचं एक जाकीट, आणि या सगळ्यांवरून वारा-पाऊस अडवणारं एक कवच. चालताना काढायचं, थांबलं की घालायचं. एवढ्यात उणे दहाची रात्र निभते, कारण झोपायला स्लीपिंग बॅग असते आणि तिथल्या लॉजमध्ये बहुधा रजईही मिळते. यातलं काहीच कपाटातले स्वेटर मोजून साधत नाही. सहा स्वेटर नेणारा माणूस पाऊस अडवणारं कवच मात्र विसरतो, आणि पहिल्या पावसात सहाही भिजतात.

इथे कापसाबद्दल बोललंच पाहिजे, कारण हा आपल्या मुलखाचा जिव्हाळ्याचा विषय. ज्या जिल्ह्यांची घरं कापसावर उभी राहिली, जिथल्या बाजारपेठा, जिनिंग-प्रेसिंग, अगदी कृषी विद्यापीठाचं संशोधनसुद्धा कापसाभोवती वाढलं, तिथल्या माणसाला ‘सुती कपडे नेऊ नका’ हे ऐकायला जड जातं. म्हणून तो सुती बनियन, सुती शर्ट आणि जीन्स भरतो. अकोल्याच्या मे महिन्यात सुती कपड्यासारखं सुख नाही हे खरंच. पण ते सुख कशामुळे मिळतं याचा विचार करा. सूत घाम पिऊन धरून ठेवतं, तो हळूहळू वाळतो आणि वाळताना अंग गार करतो. नेमका हाच गुण गोरक्षेपला वैरी होतो. तिथे अंग गार करणारा कपडा कोणाला हवा आहे? भिजलेली जीन्स तिथे दोन दिवस वाळत नाही आणि वजनाला मात्र भारी. कापसाचा मान कापसाच्या हवेत राखावा. डोंगरावर त्याला नेण्याचा हट्ट म्हणजे त्याच्या गुणांचं अज्ञान आहे.

आता भरगच्च बॅगेत काय नसतं ते पाहू. जास्त सामान म्हणजे जास्त तयारी हे गृहीत धरलं की माणसाचं समाधान बॅगेच्या फुगवट्यावरून ठरतं. चेन लागेना इतकी भरली म्हणजे तयारी झाली. पण नेपाळला विमानाने जाणाऱ्या भारतीयाला व्हिसा लागत नसला तरी पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं. पंधरा ते पासष्ट वयाच्या माणसाचं आधार कार्ड त्यासाठी चालत नाही. हे ठाऊक नसताना पाच किलो चिवडा नेऊन काय उपयोग? प्रवास विम्याचा कागद अनेकांकडे असतो, पण तो किती उंचीपर्यंत लागू आहे हे वाचलेलं नसतं. पुष्कळ पॉलिसी ठरावीक उंचीच्या वरचा ट्रेक सरळ वगळतात, आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याची वेळ आली की बिल घरच्यांच्या हातात पडतं. पॉवर बँक सामानाच्या बॅगेत टाकता येत नाही, ती हातातल्या बॅगेतच न्यावी लागते. स्टोव्हचा गॅस सिलिंडर तर विमानात कुठेच चालत नाही. केनिया किंवा इथिओपियातून परतणाऱ्याकडे पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र असावं लागतं, आणि ती लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. या सगळ्याचं मिळून वजन किती? कागद, एक कार्ड, एक दाखला. जे जीव आणि प्रवास वाचवतं ते ग्रॅममध्ये मोजलं जातं. किलोंच्या मागे लागलेल्या माणसाचं लक्ष ग्रॅमवर राहत नाही, आणि जास्त सामानाबद्दलची माझी पहिली तक्रार हीच आहे.

औषधांचंही तेच. उंचीवर त्रास कोणाला होईल हे ताकदीवरून ठरत नाही. आखाड्यात कसलेला गडीही बेस कॅम्पच्या वाटेवरच्या लोबुचेला डोकं धरून बसू शकतो. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा खरा इलाज. त्यात अधिकचं सामान काडीचाही उपयोगाचं नाही. ॲसिटाझोलामाइडची गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टरला विचारून ठरवायचं, कारण सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी ते आधी सांगणं जरूर असतं. ‘वयस्कर माणसाला जास्त सामान लागतं’ हा आक्षेप इथे हमखास येतो. वयस्कर माणसाला जास्त औषधं लागतात, हे मान्य. पण ती कुठे ठेवायची? रक्तदाबाच्या गोळ्या पोर्टरच्या पाठीवरच्या मोठ्या बॅगेत टाकल्या, तर दिवसभर त्या माणसापासून दोन तास पुढे चालत असतात. इन्सुलिन गोठलं की निकामी होतं. ते रात्री अंगाशी धरून झोपावं लागतं. म्हणजे वय जितकं जास्त, तितकी पाठीवरची छोटी बॅग विचारपूर्वक लावलेली हवी, आणि तिच्यात नको ते काही नको. वयाचं कारण सांगून शाली वाढवणं हे उत्तर कुठल्याच प्रश्नाचं नाही.

खाण्याचा मुद्दा भावनेचा आहे. घरातून कोणी लांब निघालं की शंकरपाळे, शेव, चिवडा, पुडाच्या वड्या, ठेचा, मुरमुऱ्यांचा डबा, लाडू हे दिल्याशिवाय आपल्या घरातल्या बाईचा जीव राहत नाही. त्या मायेला मी नाव ठेवत नाही. पण माया आणि गरज या वेगळ्या आहेत. एव्हरेस्टकडे जाणाऱ्या खुंबूच्या वाटेवर प्रत्येक मुक्कामी डाळ-भात मिळतो, भाजी मिळते, बटाटे मिळतात, अंडी मिळतात. आणि डाळ-भात संपला की बहुतेक ठिकाणी परत वाढतात. शाकाहारी माणसाची तिथे उपासमार होत नाही, उलट वरच्या टप्प्यात मांसापेक्षा डाळ-भात सुरक्षित, कारण मांस खालून पाठीवर वाहून येतं. मग पाच किलो फराळ कोणासाठी? उंचीवर भूक मरते, तोंडाला चव राहत नाही, तेव्हा घरचं काही तिखट-आंबट जिभेवर ठेवायला मिळालं तर दोन घास जास्त जातात, हे खरं आहे आणि एवढं मी मान्य करतो. त्याला पाव किलोची एक पुडी पुरते. डबा लागत नाही.

आणि परदेशात घरचं खाणं नेहमीच निरुपद्रवी असतं असंही नाही. अनारशावर घातलेली खसखस आपल्याला सणाची वाटते. संयुक्त अरब अमिरातीत ती बाळगणं गुन्हा आहे, आणि किलिमांजारोला जाताना दुबईत दोन दिवस थांबणाऱ्याने हे जाणून घेतलं पाहिजे. सुकं खोबरं विमानाच्या नियमांत पेट घेणाऱ्या मालात मोडतं. मुलगा ऑकलंडला आहे म्हणून न्यूझीलंडला जाणारे आणि तिथल्या डोंगरवाटा चालणारे आईवडील आता पुष्कळ आहेत. तिथल्या विमानतळावर न सांगता नेलेल्या खाण्याच्या पदार्थाला जागीच ४०० डॉलरचा दंड होऊ शकतो. बुटांच्या तळव्याला चिकटलेल्या मातीचीही तिथे चौकशी होते, कारण त्या देशाला आपल्या शेतीत बाहेरची कीड नको आहे. बोंडअळीने काय होतं हे ज्या मुलखाने भोगलं आहे, त्याला हा नियम जाचक वाटू नये. टांझानियाने १ जून २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आहे आणि ती पर्यटकांनाही लागू आहे. आपल्या बॅगेत मात्र प्रत्येक वस्तू वेगळ्या पन्नीत गुंडाळलेली, आणि त्या पन्नीवर आणखी एक पन्नी. भरपूर भरण्याच्या नादात आपण जिथे जातो तिथल्या माणसांचा कायदा वाचायचा राहून जातो.

आता ज्या विधानाचा मला सगळ्यात जास्त राग येतो, त्याकडे वळतो. ‘पोर्टर आहे ना.’ तीन शब्दांत एक माणूस सामान ठेवण्याची जागा होऊन जातो. नेपाळच्या वाटेवर ओझं वाहणारा हा माणूस कोण असतो? बहुतेक वेळा तो शेर्पा नसतो. तो खालच्या टेकड्यांवरचा राई, तमांग किंवा मगर शेतकरी असतो, शेतीच्या हंगामात शेत आणि पर्यटनाच्या हंगामात ओझं अशी त्याची कमाई. उंचीची सवय त्यालाही जन्मजात नसते. त्यालाही डोकं दुखतं, त्याच्याही फुप्फुसात पाणी भरतं. तुमच्या दोन बॅगा एकमेकींना बांधून तो त्यांना नाम्लो घालतो, म्हणजे कपाळावर पट्टा टेकवून सगळा भार मानेवर आणि कण्यावर घेतो. हंगामात अनेकदा त्याच्या पायात तुमच्यासारखे बूट नसतात आणि अंगावर तुमच्या सहा स्वेटरांपैकी एकही नसतो. पोर्टरांच्या सुरक्षेसाठी काम करणारा आंतरराष्ट्रीय गट १९९७ साली उभा राहिला तो उंचीवर आजारी पडलेल्या एका तरुण पोर्टरच्या मृत्यूनंतर. त्या गटाने नेपाळसाठी ३० किलोची मर्यादा सुचवली. दोन प्रवाशांना मिळून एक पोर्टर असतो, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला १५ किलो. पोर्टरचं स्वतःचं अंथरूण-पांघरूण धरलं तर त्याहूनही कमी. आता सांगा, बावीस किलोची बॅग ‘असू द्या’ म्हणणाऱ्याने वरचे किलो कोणाच्या मानेवर टाकले?

लुक्लाच्या छोट्या विमानात सामानाची मर्यादा हातातली बॅग धरून साधारण १५ किलो असते. पुष्कळजण ही मर्यादा म्हणजे जादा पैसे भरून सोडवायची अडचण समजतात. पैसे भरले की वजन विमानात चढतं. पण विमानातून उतरल्यावर ते कुठे जातं? विमान कंपनीने घेतलेले पैसे पोर्टरच्या कण्यापर्यंत पोचत नाहीत. किलिमांजारोवर पोर्टरला २० किलोच्या वर ओझं द्यायचं नाही असा नियम आहे, वाटेच्या दारावर वजन होतं, आणि प्रवाशाच्या बॅगेला त्यातले १५ किलो धरले जातात. पेरूमध्ये तर इन्का वाटेवरच्या हमालांसाठी २००१ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. जगात जिथे जिथे माणसाच्या पाठीवर पर्यटन चाललं, तिथे तिथे शेवटी कायद्याला वजनकाटा घेऊन उभं राहावं लागलं. का? कारण प्रवाशाच्या समजुतीवर सोडलं तर बॅग कधीच हलकी होत नाही.

आणि हे महाराष्ट्राच्या माणसाला सांगावं लागतं, याचं दुःख मोठं आहे. डोक्यावरून, पाठीवरून ओझं वाहणाऱ्या माणसाला कायद्याचं संरक्षण देणारा माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा याच राज्याने १९६९ साली केला. अकोल्याच्या बाजारात कापसाच्या गाठी आणि धान्याची पोती उचलणारा हमाल आपण रोज पाहतो. वयाच्या पन्नाशीत त्याच्या मणक्याचं काय होतं हे आपल्या गावातल्या हाडांच्या डॉक्टरांना विचारा. इथे पोत्याचं वजन कमी व्हावं म्हणून आपण मोर्चाला पाठिंबा देतो आणि तिथे सुट्टीवर गेलो की तेच तत्त्व विसरतो? हिमालयातला मणका वेगळ्या हाडाचा असतो का?

यावर एक युक्तिवाद ठेवणीतला असतो: ‘आम्ही सामान कमी केलं तर त्या गरिबाचा रोजगार जाईल.’ हा युक्तिवाद दयेचा आव आणतो, म्हणून तो नीट तपासला पाहिजे. ट्रेकिंगच्या पोर्टरला मजुरी दिवसाची मिळते, किलोची नाही. सोळा किलो वाहिले काय आणि तीस वाहिले काय, दिवसाचे पैसे तेच. म्हणजे जास्त वजनाने त्याच्या खिशात काही जात नाही, फक्त त्याच्या गुडघ्यांतून काही जातं. रोजगाराची खरीच कळकळ असेल तर दोन प्रवाशांना एकाऐवजी दोन पोर्टर लावा आणि दोघांना पूर्ण मजुरी द्या. त्यांचा विमा आहे का, पायात बूट आहेत का, रात्री झोपायला छप्पर आहे का, हे ट्रेक नेणाऱ्याला आधी विचारा. पोर्टर घेऊ नका असं मी म्हणत नाही. घ्या, अवश्य घ्या. पण त्याला माणूस म्हणून घ्या आणि त्याच्या पाठीवर तुमची भीती चढवू नका.

‘आपण डोंगराची माणसं नाही’ हे विधानही खोटं आहे. हे आपल्याला कोणी शिकवलं? सह्याद्रीच्या किल्ल्यांवर दर रविवारी जाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या माणसांकडे पाहून आपणच स्वतःला कमी लेखायला शिकलो. आपल्या उत्तरेला सातपुडा आहे, नरनाळा आणि गाविलगड आहेत. मेळघाटात कोरकू माणूस पिढ्यान्‌पिढ्या डोंगर चढतो-उतरतो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची माणसं १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं करून आली. आणि चालण्याबद्दल तर वऱ्हाडाने कोणाकडून शिकावं अशी स्थितीच नाही. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी अकोल्यावरून पुढे जाते, आणि तिच्याबरोबरचे वारकरी महिन्याभरात सातशे किलोमीटरहून अधिक चालून पंढरपूर गाठतात. कौंडण्यपूरच्या रुक्मिणीच्या पालखीची परंपरा तर १५९४ पासूनची सांगितली जाते. उन्हातून निघायचं, वाटेत पहिला पाऊस अंगावर घ्यायचा, चिखलातून पुढे जायचं. या माणसांकडे काय असतं? दोन जोड कपडे, एक पांघरूण, पावसाला कागद किंवा घोंगडी, तांब्या-ताट, गळ्यात टाळ. कित्येक वर्षांच्या चालण्याने त्या यादीतून नको ते गळून गेलं आहे. ‘पण वारीचं सामान ट्रकमधून जातं’ असं कोणी म्हणेल. जातं, पण दिंडीच्या ट्रकमध्ये माणशी एक वळकटी जाते, संसार जात नाही. जास्त आणणाऱ्याला दिंडीचालकच बोलतो. ज्यांच्या घरातली आजी असं चाललेली आहे, त्यांनी परदेशात जाताना घर उचलून न्यावं, हे माझ्या समजुतीबाहेरचं आहे.

राहिला पैशाचा आक्षेप. हलकं सामान महाग असतं, म्हणून जड न्यावं लागतं, असं सांगतात. हलकं जाकीट महाग असतं हे खरं, पण ते विकतच घ्यावं असं कोणी सांगितलं? काठमांडूच्या ठमेलमध्ये पिसांची जाकिटं आणि स्लीपिंग बॅगा दिवसाच्या भाड्याने मिळतात, आणि दहा-बारा दिवसांसाठी नवीन घेण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं. अमरावतीच्या उन्हात ते जाकीट घालणार तरी कधी? गावात आधी जाऊन आलेल्यांकडून मागून नेता येतं. आणि वजन कमी करण्याचा सर्वांत मोठा मार्ग फुकटचा आहे: वस्तू घरी ठेवणं. तिसरी पँट न नेण्याला किती खर्च येतो? दुसरा टॉवेल, हेअर ड्रायर, बेस कॅम्पच्या फोटोसाठीचा वेगळा पोशाख, मोठी शाम्पूची बाटली, जाडजूड पुस्तक मागे ठेवायला कोणत्या दुकानात जावं लागतं? पैसे खर्च करायचेच असतील तर बुटांवर करा, आणि तेही दोन महिने आधी. निघायच्या आठवड्यात घेतलेला नवा बूट दुसऱ्या दिवशी टाच सोलतो, आणि सोललेल्या टाचेवर सोबत नेलेला कोणताही स्वेटर लावता येत नाही. तेच बूट घालून, तीच बॅग तेवढ्याच वजनाची पाठीवर घेऊन शहानूरहून नरनाळ्यापर्यंत एकदा चढून पाहावं. त्या चढाने जे समजतं ते पन्नास याद्या वाचून समजत नाही: खांद्यावर कुठे रुततं, पाण्याची बाटली हाताला लागते का, आणि कितव्या किलोमीटरला माणूस स्वतःहून म्हणतो की हे कशाला आणलं.

म्हणून माझं म्हणणं ट्रेक नेणाऱ्या गावोगावच्या गटांना आहे. निघण्याच्या आठ दिवस आधी जी बैठक होते, तिथे हारतुरे आणि फोटोंच्या आधी एक वजनकाटा ठेवा. प्रत्येकाची मोठी बॅग त्यावर चढवा, सगळ्यांसमोर. नेपाळला बारा किलो पुरतात, त्यात भाड्याच्या स्लीपिंग बॅगेचंही वजन धरून. पाठीवरच्या छोट्या बॅगेला तीन. तेराव्या किलोला सूट नाही, मग तो डॉक्टरचा असो, गटाच्या पुढाऱ्याचा असो किंवा पहिल्यांदाच जाणाऱ्या काकूंचा. जे काढायचं ते तिथेच, घरच्यांच्या देखत काढा, कारण ‘असू द्या, कामी पडते’ म्हणणारा आवाज घरातलाच असतो आणि त्याला उत्तर घरातच मिळालं पाहिजे. ज्याला तेरावा किलो न्यायचाच आहे त्याने तो लुक्लापासून गोरक्षेपपर्यंत आणि परत, स्वतःच्या पाठीवर न्यावा. पोर्टरकडे द्यायचा नाही. ही अट घालून पाहा, आणि बडनेऱ्याला गाडीत चढताना किती जणांकडे तो किलो उरतो ते मोजा.